बिकॉजच्या पुढचं

"सर, ते माझं कारण नाही," विठा म्हणाली आणि मग खाली बसली.

एवढंच झालं. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. खालच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा नेहमीसारखा फटफट वाजत होता, खिडकीतून गव्हाचा गरम वास येत होता, आणि माझा संध्याकाळचा वर्ग, ड्युटीवरून तसाच आलेला, कुणी बुटातून पाय काढून बसलेला, कुणी डबा पायाशी ठेवून, माझ्याकडे बघून हसत होता. अंबरनाथ पूर्वेला हा माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास, गिरणीच्या वर एक खोली. वर्गात एकजात मोठी माणसं. त्या दिवशी बिकॉज चाललं होतं. एकेकाला उभं करायचं, वाक्य अर्धं द्यायचं, उरलेलं अर्धं त्यानं भरायचं. विठा आनंदनगरच्या एमआयडीसीत पॅकिंगला आहे, चाळिशी उलटलेली बाई, कधी स्वतःहून हात वर करत नाही. तिला मी म्हटलं, म्हण, आय वॉन्ट टू लर्न इंग्लिश बिकॉज. तिनं तेवढं म्हटलं आणि थांबली. ओठ हलवले, वर पंख्याकडे बघितलं. आणि मी आपला सवयीनं पुढे झालो, "बिकॉज आय वॉन्ट अ बेटर जॉब. गुड. सिट डाऊन." ती बसली नाही. एवढी गरीब बाई, पण उभी राहिली आणि म्हणाली, सर, ते माझं कारण नाही. "मग काय आहे?" मी विचारलं. "ते मला अजून मराठीत पण नाही सांगता येत," ती म्हणाली. वर्ग पुन्हा हसला. मी पण हसलो. पण घरी जाताना रिक्षा स्टँडच्या कोपऱ्यावर मी उगाचच उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की आपण जिन्यापासून इथपर्यंत त्या बाईची कारणंच शोधत आलो. मुलांच्या शाळेत अपमान झाला असेल. सुपरवायझर शिव्या देत असेल आणि त्या तिला कळत नसतील. किंवा कळत असतील. अरे, तुला काय करायचंय राजरत्न? पण नाही. हे असलं काही डोक्यात शिरलं की माझं पोट साफ होत नाही.

तसं बिकॉज शिकवायला मला मनापासून आवडतं. व्हर्बची रूपं शिकवताना माणसं जांभया देतात, बिकॉजला जागी होतात. आपल्याकडे कारण आधी येतं. गाडी लेट होती, त्यात रिक्षा मिळेना, वरनं वॉचमननं थांबवलं, म्हणून उशीर झाला. ऐकणारा शेवटापर्यंत पोचेस्तोवर निम्मा राग उतरलेला असतो. इंग्रजीत तसं चालत नाही. आय ॲम लेट. झालं, बोलून बसलास. आता पुढे बिकॉज लावून काय सारवासारव करायची ती कर. मी वर्गात सांगतो, इंग्रज आधी गुन्हा कबूल करतो आणि मग वकील देतो. यावर दर बॅचला हशा होतो, आणि दर बॅचला मी हा विनोद आत्ताच सुचल्यासारखा सांगतो. मग मी सिन्स काढतो. कारण दोघांच्याही डोळ्यांसमोर असेल तर बिकॉजची गरज नाही. सिन्स यू आर हिअर, हॅव टी. तू आलायस हे तुलाही दिसतंय, मलाही दिसतंय, त्यात नवीन काही नाही, तेव्हा चहा घे. बिकॉज मात्र समोरच्याला ठाऊक नसलेलं काहीतरी घेऊन येतं. म्हणून बिकॉजच्या पुढे माणूस अडखळतो. हे मी इतकी वर्षं सांगत आलो. अडखळलेल्या माणसाला तिथंच उभं ठेवायचं की हात देऊन पलीकडे ओढायचं, याचा विचार मात्र मी कधी केला नव्हता. ओढायचंच की. मास्तर कशाला असतो मग?

आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या घरात बिकॉजवाचून एक वाक्य येऊन पडलं होतं.

माझी मुलगी भावना. उल्हासनगरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिचा साखरपुडा झालेला, बदलापूरजवळ सोनिवलीच्या प्रज्वलशी. मुलगा बँकेत, स्वभावानं गोड, घरी स्वतःचा फ्लॅट. हॉल ठरलेला, भंतेजींना तारीख सांगून ठेवलेली. आणि रविवारी सकाळी भाजी निवडता निवडता भावना म्हणाली, "मला प्रज्वलशी लग्न करायचं नाही." तिनं मेथीची काडी मोडली, पानं टोपलीत टाकली, देठ पेपरवर टाकला आणि दुसरी काडी घेतली. शालननं, माझ्या बायकोनं, आधी ऐकूच आलं नाही असं केलं. मग गॅस बंद केला. मग सुरू झाली. दुसरं कुणी आहे का? नाही. पितो का? नाही. काही वेडंवाकडं बोलला? अंगाला हात लावला? "नाही ग मम्मी." सासू? "चांगल्या आहेत." मग कारण काय? "नको आहे," भावना म्हणाली. शालन रडायला लागली. तिचं रडणं खरं होतं, तिनं शालूसोबतचा ब्लाऊजसुद्धा शिवायला टाकला होता. आणि मी? मी मुलीचा बाप, माझ्या पायाखालची जमीन सरकायला हवी होती. सरकलीही थोडी. पण त्याच्याही आधी मला जे वाटलं ते सांगायची लाज वाटते. मला वाटलं, काय वाक्य आहे! सरळ, पूर्ण, शेवटी ठसठशीत पूर्णविराम. माझ्या वर्गात कुणाला असं एक वाक्य येत नाही. आणि लगेच माझं मन त्या पूर्णविरामाच्या मागे जाऊन डोकावायला लागलं, फळीच्या फटीतून बघतात तसं.

ही खोड जुनी आहे. क्लास काढण्याआधी मी रंगाच्या कंपनीत होतो, आनंदनगरलाच, क्वालिटीच्या खात्यात. माल नापास झाला की मी शेरा मारायचा. ड्रम नापास करायला हरकत नव्हती, पण कारण न लिहिता नापास करता येत नसे. आणि कधी कधी खरंच कारण सापडायचं नाही. नमुना हातात धरायचा, उजेडाकडे न्यायचा, बोटावर चोळायचा, आणि आतून कळायचं की हा माल बरोबर नाही. पण "आतून कळलं" असं कसं लिहिणार? मग आम्ही लिहायचो, शेड जुळत नाही, म्हणजे रंगाची छटा. ते कुणाला खोडता यायचं नाही. शेड या शब्दानं आमच्या खात्याची अब्रू कितीदा राखली याचा हिशोब नाही. कंपनी बंद झाली तेव्हा साहेबांनी आम्हाला बोलावून भरपूर कारणं सांगितली, एकाहून एक चांगली, आणि मी ती ऐकत असताना खिडकीबाहेर निळ्या-जांभळ्या पाण्याच्या डबक्याकडे बघत मनात म्हणत होतो, साहेब, शेड जुळत नाही म्हणा आणि सोडा.

तर भावनाकडे असं शेडसारखं कारण नव्हतं. शालनचं म्हणणं सरळ होतं आणि ते मला खोडता येत नव्हतं. "आपण कारण दिलं नाही तर लोक देतील," ती म्हणाली. "ठरलेलं मोडलं की पोरीवरच येतं. तिचं काहीतरी असेल म्हणतील. पुढचं स्थळ आलं की पहिला प्रश्न तोच. तुम्ही बसा तुमचं इंग्लिश घेऊन." खरं होतं. एवढंच पणाला लागलं होतं, पण एवढं म्हणजे सगळंच की. माझ्या मुलीचं नाव, आणि ते कुणाच्या तोंडी कोणत्या कारणाला बांधलं जाणार ते. मी भावनाला विचारायचं ठरवलं, पण हळुवारपणे. ती सकाळी निघाली तेव्हा मीही चपला घातल्या. शिवमंदिराकडच्या रस्त्यानं आम्ही चालत होतो. लहानपणी इथल्या जत्रेत तिनं बर्फाचा गोळा खाल्ला होता, काला खट्टा. जीभ जांभळी करून घरी आली आणि रात्री तापानं फणफणली, घसा असा सुजला की पाणी उतरेना. मी तिला खांद्यावर टाकून डॉक्टरकडे पळालो होतो, तिचा गरम श्वास माझ्या मानेवर, तो अजून मानेवर आहे. तेव्हापासून तिला गार बंद. हे मी सगळ्यांना सांगत आलो, शाळेत बाईंना, लग्नकार्यात वाढप्यांना, ट्रिपला नेणाऱ्यांना. "हिला गार देऊ नका, हिचा घसा धरतो." ते सांगताना मला नेहमी बरं वाटतं. बापाला एवढं तरी ठाऊक असायला हवं.

"लॅबमधली नोकरी सोडायला सांगतायत का?" मी विचारलं. "नाही." "सोनिवली लांब पडेल, तुझं जाणंयेणं?" "नाही पप्पा." "मग त्याचं बोलणं? थोडा जास्त बोलतो तो, मला पण वाटलं." ती चालायची थांबली. माझ्याकडे अशी बघायला लागली की मला वाटलं, आता सांगते. पण ती हसली. "पप्पा, तुम्ही ना, ऑप्शन देता," ती म्हणाली. "चारातला एक निवडा. माझं त्यात नाहीये." आणि रिक्षात बसून गेली. मी तिथंच उभा. सर, ते माझं कारण नाही. त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा, आणि तेही घरच्याच माणसानं. मला राग यायला हवा होता, आला नाही, उलट विचार करकरून डोकं शिणलं. असं काय असतं जे माणसाला पक्कं ठाऊक असतं आणि वाक्यात बसत नाही? आणि बसत नाही म्हणून ते खोटं ठरतं का?

इकडे शालनच्या भावानं, सुदामनं, घोळ घातला. सुदाम या लग्नातला मध्यस्थ, स्थळ त्यानंच आणलेलं. जिवाला जीव देणारा माणूस, पण फोन हातात आला की त्याची जीभ आधी सुटते आणि डोकं मागून येतं. प्रज्वलच्या वडिलांचा, बबनरावांचा, त्याला फोन आला की मुलगी फोन उचलत नाही, काय प्रकार आहे? आणि सुदामनं काय सांगावं? "बबनराव, काय सांगू, पत्रिका जुळत नाही हो."

आता याचं काय करायचं? सुदाम ज्या कंपनीत आहे तिथं त्याच्या शेजारी बसणारे लोक पत्रिका बघणारे. वर्षानुवर्षं कँटीनमध्ये तो ऐकत आलेला की अमक्याकडून नकार आला, पत्रिका जुळली नाही म्हणाले, आणि सगळे माना डोलावतात, कुणाचं मन दुखत नाही, पुढचा विषय निघतो. नकार द्यायची ती सभ्य रीत आहे, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण ती त्यांची रीत. आम्ही छप्पन सालापासून पत्रिका, मुहूर्त, पंचांग सगळं सोडलेली माणसं. बबनराव तर त्यांच्या भागातल्या बुद्धविहाराचे कार्यकर्ते. त्यांचा मला फोन आला तेव्हा "जय भीम" एवढंच त्यांनी शांतपणे म्हटलं. पुढचं मला फोन कानापासून लांब धरूनही ऐकू आलं. "माझ्या बापानं घरातलं पंचांग चुलीत घातलं, राजरत्न! आणि तुम्ही मला पत्रिका सांगता? नको असेल तर नको म्हणा. पण आमच्या तोंडावर हे? रविवारी या आणि काय ते समोर बसून सांगा." मी फोन ठेवला. सुदाम समोरच बसला होता, पार मान खाली घालून. "दाजी, मला दुसरं काही सुचलंच नाही ओ," तो म्हणाला. "कायतरी सांगायला तर पायजे ना? रिकामं कसं ठेवणार?" शालन त्याला बोल बोल बोलली. मी नाही बोललो. मला तो नापास ड्रम आणि माझं शेड जुळत नाही आठवत होतं. बिचाऱ्यानं केलं ते मीच केलं असतं, फक्त शब्द दुसरा.

रविवारी सोनिवलीला गेलो ते सुदामच्या गाडीतून, मी, सुदाम आणि शालन. भावनाला आणायचं नाही असं शालननं ठरवलं आणि भावनानं वाद घातला नाही. वाटेत दोन्हीकडे नवे टॉवर, मध्येच भाताचं खाचर, खाचरात उभी म्हैस आणि तिच्या डोक्यावर फ्लॅटच्या जाहिरातीचा फलक. शालन वाटभर मला कारणं देत होती. आजारी आहे म्हणा. परदेशी शिकायला जायचंय म्हणा. नोकरीत बढती आली म्हणा. मी सगळी जिभेवर ठेवून बघत होतो. एकही वाईट नव्हतं. पण प्रत्येकाच्या पुढे भावनाचा चेहरा येई, हसून रिक्षात बसणारा, आणि ते कारण जिभेवरून खाली उतरेना.

बबनरावांकडे हॉलमध्ये भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाजूला बाबासाहेब, खाली ताजी फुलं. सोफ्यावर बबनराव, खुर्चीत त्यांची आई राजाबाई, आणि प्रज्वल उभाच, पाण्याचा ट्रे घेऊन. मला बघून "या पप्पा" म्हणाला आणि मग गोंधळून "काका" म्हणाला. त्या एका शब्दानं मला इतकं वाईट वाटलं. साखरपुड्यात हाच माझ्या पाया पडताना पप्पा म्हणाला होता तेव्हा माझा ऊर भरून आला होता. त्या दिवशी जेवणं झाल्यावर आईस्क्रीमचे कप आले. मी लांबून हात केला, "हिला नको, हिचा घसा धरतो!" आणि प्रज्वलनं हसत हसत तिच्या हातातला कप काढून घेतला, "लक्षात ठेवतो, पप्पा." बायका कौतुकानं बघत राहिल्या. शालननं माझ्याकडे बघून डोळे पुसले. असा जावई!

पाणी पिऊन झालं. मी हात जोडले. म्हटलं, बबनराव, पत्रिकेचं बोलणं चुकीचं होतं, मी माफी मागतो. सुदामनंही हात जोडले. बबनरावांचा चेहरा सैल झाला नाही. तोंड उघडलं ते राजाबाईंनी. "पत्रिका!" त्या म्हणाल्या. "ह्या बबनची जन्मतारीख शाळेत मास्तरानं टाकली, एक जून. सगळ्या गावाची एक जून. आणि पत्रिका म्हणं! मेल्यांनो, खोटं बोलायचं तर नीट तरी बोला की. पोरगी आजारी हाय म्हणायचं. आम्ही काय तपासायला येणार व्हतो?" शालननं मला कोपरानं ढोसलं. म्हणजे वाट मोकळी होती, त्यांनीच करून दिलेली, फक्त हो म्हणायचं होतं.

"कारण काय?" बबनराव म्हणाले.

मी तोंड उघडलं आणि माझी वाचा बसली. सगळे माझ्याकडे बघत होते. असं उभं राहणं काय असतं ते मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. आणि तेवढ्यात प्रज्वल पुढे आला, अगदी प्रेमानं, मला सोडवायला आला. "अण्णा, मला वाटतं भावनाला कामाचा ताण आहे," तो बबनरावांना म्हणाला. "लॅबमध्ये खूप लोड असतो. त्यामुळे ती घाबरलीय, लग्न जवळ आलं म्हणून. ती तशी मनातलं बोलत नाही, कारण तिला दुसऱ्याला दुखवायचं नसतं. थोडा वेळ दिला की ती..." काय सुंदर बोलत होता पोरगा! एका वाक्यातून दुसरं, प्रत्येकाला कारण, कारणाला पुन्हा कारण. बबनरावांची मान हलायला लागली. शालनचीही. माझीही हलली असती. पण मला वर्गात उभी राहिलेली विठा दिसली, पंख्याकडे बघणारी, आणि स्वतःचा आवाज ऐकू आला, गुड, सिट डाऊन.

"नाही," मी म्हणालो. "तिनं तसं काही सांगितलेलं नाही. ती म्हणाली, नको आहे."

"का नको आहे?"

"मला माहीत नाही."

"तुम्ही बाप ना तिचे?"

"बापच आहे. विचारलं. तिला सांगता आलं नाही. पण नको आहे हे तिनं नीट सांगितलं, त्यात मला काही शंका नाही. दोष तुमच्या मुलात नाही. माझ्या मुलीतही नाही. कारण मला माहीत नाही आणि खोटं मी सांगणार नाही."

"लोक विचारतील त्यांना मी काय सांगू?" बबनराव म्हणाले. त्यांच्या आवाजातला राग गेला होता आणि खाली नुसती अडचण उरली होती, माझ्यासारखीच. "सांगा, मुलीकडून नकार आला." "आणि कारण?" "ते त्यांनाही माहीत नव्हतं म्हणून सांगा." "असं कुणी सांगतं का, राजरत्न?" त्यांनी उठून साडी आणि अंगठीचा हिशेब निघायच्या आत आटपला, फार न बोलता. आम्ही दिलेलं आम्ही घेतलं, त्यांचं त्यांना दिलं. निघताना दारात प्रज्वल माझ्यामागे आला. "काका, माझं काही चुकलं का? मी तिची किती काळजी घेत होतो." त्याचे डोळे भरले होते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वाईट नाहीस रे तू, म्हटलं. आणि ते मी मनापासून म्हटलं.

घर आलं तशी शालन स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटायला लागली. "ह्यांना म्हणे खोटं सांगवत नाही! पोरीचं वाटोळं झालं तरी चालेल!" भावना गॅलरीत सुकलेले कपडे काढत होती. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दुपारचं ऊन पांढरं पडलं होतं. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो, एक टॉवेल काढला, घडी घातली, ती वाकडी आली.

"काय सांगितलंत?" तिनं विचारलं.

"तुला नको आहे म्हणून सांगितलं."

"आणि कारण?"

"मला माहीत नाही म्हटलं."

तिनं माझ्या हातातून टॉवेल घेतला आणि पुन्हा घडी घातली. मग दोरीवरचे बाकीचे कपडे काढत राहिली. माझ्या तोंडात कारणं येत होती, सवयच ती, एकेक करून दाताशी येऊन उभी राहत होती. मी ओठ मिटून ठेवले. विठासारखं मी गॅलरीच्या छताकडे बघितलं. आणि मग ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता, कपड्यांकडे बघत.

"आम्ही उल्हासनगरला कपडे बघायला गेलो होतो ना, त्या दिवशी. दुकानदार मला विचारतो, 'दीदी, कौनसा रंग दिखाऊं?' प्रज्वल म्हणाला, 'हल्का दिखाओ, इनको भडक नहीं चलता, क्यूँकि ये सिंपल हैं.' चांगलाच रंग होता, पप्पा. मग चपला. 'उंच टाच नको, तिला चालायची सवय नाही.' मग आईस्क्रीमच्या दुकानात. मी मेनूकार्ड हातात घेतलं तेवढ्यात तो पोऱ्याला म्हणाला, 'इनके लिए मत लाओ, इनका गला नाज़ूक है.' सगळी कारणं चांगली. एक पण खोटं नाही. मी म्हटलं, अरे, मी बोलते ना. तर तो दुकानदाराला हसून म्हणाला, 'शरमाती हैं, नई-नई बात है ना.' मग मी काही बोललेच नाही. तिथं बसून मला वाटलं, ह्याला माझी काही गरज नाही, माझ्याबद्दलचं सगळं ह्याला आधीच पाठ आहे. आणि हे मम्मीला कसं सांगू? ती म्हणेल, काळजी करतो तुझी. करतोच."

गॅलरीच्या कठड्याला हात लावला तर तो तापलेला होता. मी हात तसाच ठेवला.

"मी पण तसंच करतो," मी म्हणालो.

"हो." ती हसली. "पण तुमच्या घरात मी जन्मले, पप्पा. त्याच्या घरात मला स्वतःच्या पायांनी जायचं होतं."

आत शालनचं आपटणं थांबलं होतं. ती ऐकत होती बहुतेक. मला भावनाला पुष्कळ काही सांगायचं होतं. मला जवळ घ्यायचं होतं तिला, आणि मला रडू येत होतं, आणि या सगळ्यातही माझी ती खोड मेली नव्हती, एक प्रश्न घशाशी येऊन बसला होता, इतका लहान की विचारायची लाज वाटावी.

"भावना," मी म्हणालो, "साखरपुड्याच्या दिवशी तो आईस्क्रीमचा कप. तो तुझ्या हातातून काढून घेतला तेव्हा..."

आणि इथं मी थांबलो. पुढचं वाक्य मला येत होतं, तयार होतं, पण ते माझं नव्हतं.

ती शेवटचा चिमटा दोरीवरून काढेपर्यंत थांबली.

"आंब्याचं होतं," ती म्हणाली. "मला हवं होतं."